कुठली गाडी?

2005 चा जुलै. माथेरानच्या शाळेत नववीच्या वर्गात सर इंग्रजीच्या चाचणीचे तपासलेले पेपर वाटत होते. धुकं खिडकीतून आत येऊन मागच्या बाकांवर बसलं होतं. मागच्या बाकावरची मुलं दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती.

शेवटचा प्रश्न निबंधाचा होता: 'अ व्हिजिट टू अ हिल स्टेशन', पंधरा ओळी. यमुनाने तो गाईडातून स्वल्पविरामासकट पाठ केला होता. 'लास्ट समर वी वेंट टू अ हिल स्टेशन' अशी सुरुवात. मग 'अवर कार' वळणावळणाच्या रस्त्याने चढून एका 'ब्यूटिफुल' हॉटेलपुढे थांबते. ढग 'ॲज व्हाइट ॲज स्नो' असतात. आणि शेवटी, तो दिवस मी कधीच विसरणार नाही. स्पेलिंगची एक चूक नव्हती. अक्षर मोत्यासारखं.

निबंधापुढे गुणांची जागा मोकळी होती. 'कार' या शब्दाभोवती लाल शाईचा गोल होता आणि समासात मराठीत दोन शब्द: 'कुठली गाडी?'

यमुनाची कानशिलं तापली. तिने शेजारणीच्या पेपरात डोकावलं. तिथेही गोल. धुक्यातून मागच्या बाकावरचा आवाज आला, "माझ्यापण!" वर्गातल्या निम्म्या मुलांच्या हॉटेलपुढे तीच एक मोटार येऊन उभी राहिली होती.

आणि हे माथेरानात. जिथे मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. तिथून पुढे तेव्हा पायी चालायचं, घोड्यावर बसायचं, हातरिक्षात बसायचं, नाहीतर नेरळहून छोट्या गाडीने यायचं. रुग्णवाहिका सोडली तर गावात मोटारीचं चाक फिरत नव्हतं. यमुनाचे बाबा घोडेवाले. चौदा वर्षांच्या आयुष्यात तिने गावातल्या एकाही हॉटेलपुढे मोटार थांबलेली पाहिली नव्हती.

शाळा सुटल्यावर ती सरांपुढे जाऊन उभी राहिली. "सर, माझी एकपण चूक नाही."

"नाही ना," सर म्हणाले. "मी तरी कुठे चूक म्हटलं? मी नुसतं विचारलं, कुठली गाडी?"

ती गप्प.

"बरं, ते राहू दे. पहिलं वाक्य वाच."

"लास्ट समर वी वेंट टू अ हिल स्टेशन."

"काळ कोणता?"

"सिंपल पास्ट."

"तू कुठे गेलीस? तू तर इथलीच. हे वाक्य मुंबईहून आलेल्या माणसाचं आहे. तो शनिवारी येतो, रविवारी जातो, सोमवारी लिहितो: वी वेंट, वी सॉ, वी एन्जॉइड. त्याच्यापुरतं ते खरं आहे. तुझं वाक्य कोणतं?"

यमुनाने थोडा विचार केला. "आय लिव्ह इन माथेरान."

"काळ?"

"सिंपल प्रेझेंट. रोजची गोष्ट, सवय, नेहमीचं सत्य." व्याख्या पाठ होती.

"हा काळ त्या पाहुण्याला कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही. तुला तो जन्मासोबत मिळालाय आणि तू त्याचा भूतकाळ उसना घेतेस." सरांनी टेबलावरचं, पाठ सुटलेलं 'रेन अँड मार्टिन'चं व्याकरण मिटलं. "दहा वाक्यं लिहून आण. सगळी सिंपल प्रेझेंटमध्ये. गावात रोज घडतं तेवढंच. आणि एक उपमा. बर्फ नको. बर्फ तू पाहिलायस?"

"रसवाल्याकडे."

सर हसले. "मग तो रसवाला आला तरी चालेल."

यमुना घरी आली तेव्हा बाबा पडवीत खोगीर उसवून बसले होते. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी, त्यामुळे डागडुजीचे हेच दिवस. जुनं, ओलं होऊन गोळे झालेलं भरण ते उपसून काढत होते. गोठ्यात त्यांचा घोडा, राजा, पाय बदलत उभा होता.

बाबांचं इंग्रजी यमुनाला ठाऊक होतं. दस्तुरीवर ते ओरडत: "हॉर्स गुड, मॅडम! नो फॉल! एको पॉइंट, शार्लोट लेक, ऑल पॉइंट!" त्यात ना क्रियापद, ना आर्टिकल. मैत्रिणी सोबत असल्या की ती रस्त्याच्या दुसऱ्या कडेने जायची.

"काय गं यमे, तोंड का उतरलंय?"

तिने पेपर दाखवला. बाबांना वाचता येत नव्हतं, पण लाल गोल समजला. तिने निबंध वाचून त्याचा अर्थ सांगितला. हॉटेल ब्यूटिफुल, झाडं ब्यूटिफुल, सूर्यास्त वंडरफुल, हवा लव्हली.

"म्हणजे समदं चांगलंच," बाबा म्हणाले. "पण दिसलं काय?"

यमुनाला उत्तर सुचलं नाही. बाबांनी मुठीत भरणाचा गोळा धरला. "हे बघ. खोगिरात भरण लागतं, नाहीतर लाकूड घोड्याच्या पाठीला लागेल. पण कुणी कुणी दिसायला गुबगुबीत दिसावं म्हणून ठासून भरतात. मग ते पाठीवर बसत नाही, उतारावर सरकतं. स्वार पडतो आणि घोड्याला जखम होते ती वेगळीच."

खोगीरभरती हा शब्द यमुनाने मराठीच्या तासाला ऐकला होता. निबंध लांबवण्यासाठी घातलेला फापटपसारा, एवढाच अर्थ तिला माहीत होता. तो शब्द इथून, या पडवीतून, अशा ओल्या गोळ्यातून निघालाय हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने पेन्सिल घेतली आणि पेपरातले 'ब्यूटिफुल' मोजले. सहा निघाले. सगळे खोडले तरी निबंधातलं काहीच कमी झालं नाही.

त्या रात्री तिने इंग्रजी वाक्प्रचारांचं पान काढलं. 'डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ'. गाईडात शेजारी मराठी दिलं होतं: धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. तिने बाबांना विचारलं, "भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात बघू नये म्हणतात. पण तोंडात बघायचंच कशाला?"

बाबा कंदील घेऊन उठलेच. त्यांनी राजाचा ओठ अलगद वर केला. "वय बघायला. पाच वर्षांपर्यंत दुधाचे दात पडून पुढचे सगळे पक्के दात येतात. पक्क्या दातांवर मधे काळे खळगे असतात, ते वर्षागणिक झिजत जातात. घोडा म्हातारा झाला की दात लांब दिसतात आणि पुढे झुकतात. बाजारात लबाड व्यापारी दात कानसतात, खोटे खळगे कोरतात. म्हणून विकत घेताना तोंड उघडायचंच. पण कुणी फुकट दिला तर त्याच्यासमोर कशाला बघायचं? त्याचा अपमान होतो."

यमुनाने पान उलटलं. म्हाताऱ्या माणसाला इंग्रजीत 'लाँग इन द टूथ' म्हणतात. खात्रीची बातमी 'फ्रॉम द हॉर्सेस माउथ' येते. गाईडात प्रत्येकापुढे अर्थ होता, पण दात कुणीच दाखवले नव्हते. विलायतेतही कुणीतरी घोडेवाला असणार, त्याने कंदील धरून असंच कुणाला तरी तोंड दाखवलं असणार आणि मग ते वाक्य पुस्तकात गेलं असणार. वाक्प्रचार विद्वानांनी खुर्चीत बसून रचले असावेत असा तिचा समज होता. तो त्या रात्री गेला.

दुसऱ्या दिवशी सरांनी अलंकार काढले. फळ्यावर एकही व्याख्या न लिहिता त्यांनी विचारलं, "आपल्या गावाचं नाव काय?"

मुलं हसली. "माथेरान!"

"म्हणजे?"

"माथ्यावरचं रान."

"डोंगराला माथा कुठून आला? माथा माणसाला असतो." मग सरांनी डोंगर काढला आणि मुलांनी अवयव भरले. खाली पायथा. वर माथा. मधे कुणीतरी सोंड आणली, तेव्हा डोंगराचा हत्ती झाला. इंग्रजीतही डोंगराला 'फूट' असतो, 'शोल्डर' असतो, कपाळासारखा 'ब्राउ' असतो. "माणूस कुठलाही असो, डोंगर दिसला की त्याला आधी स्वतःचं अंग आठवतं," सर म्हणाले. "अलंकार म्हणतात तो हाच. आपण तो रोज पायाखाली तुडवतो."

मग पॉइंटांची नावं निघाली. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट इथे चढून आला, त्याच्यामागून साहेब लोक आले आणि त्यांनी कड्याकड्याला नावं दिली. लुईझा, अलेक्झांडर ही माणसांची नावं. त्यांत अलंकार नाही. पण पॉर्क्युपाइन म्हणजे साळिंदर आणि हार्ट म्हणजे काळीज. इथे कुणीतरी डोंगरात दुसरंच काही पाहिलं. "हार्टसारखा पॉइंट म्हटलं तर उपमा. नुसतं हार्ट पॉइंट म्हटलं की?"

"रूपक!"

"आणि रेल्वेचा तो एकुलता एक बोगदा, वन किस टनेल?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. वर्ग फुटला. सरांनी फळ्याकडे तोंड केलं आणि खडूने लिहिलं: हायपरबोल, अतिशयोक्ती. त्यांचे खांदे हलत होते.

यमुनाने दहा वाक्यं दिली. पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या मुलीला दहा वाक्यं म्हणजे दहा पायऱ्याच. तिच्या मागून आलेली मुलं नशीबवान. 2000 सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू झालं होतं. पहिलं वाक्य होतं, 'माय फादर वॉक विथ अ हॉर्स.' सरांनी वॉकला एस लावायला सांगितलं. "तू चालतेस तेव्हा वॉक, आम्ही चालतो तेव्हाही वॉक. एकटे बाबा चालतात तेव्हा एस." यमुनाने हिशेब केला. दस्तुरी ते बाजार अडीच-तीन किलोमीटर, दिवसाच्या तीन खेपा, जाऊन येऊन. इतकी पायपीट आणि तिने त्यांचा एस खाल्ला होता. पुन्हा तो ती कधी विसरली नाही.

उपमेच्या जागी तिने लिहिलं होतं: 'माय फादर्स फीट आर द रोड.' बाबांचे पाय म्हणजे रस्ताच. तांबड्या मातीचा रंग घोट्यापर्यंत चढलेला, तो साबणाने निघत नाही.

"उपमा सांगितली होती," सर म्हणाले.

"सर, 'सारखे' म्हटलं की खोटं वाटत होतं."

सरांनी तिथे काहीच खूण केली नाही. फक्त ते वाक्य दोनदा वाचलं. सातवं वाक्य होतं, 'द ट्रेन क्लाइम्ब्ज अवर हिल इन टू अवर्स.' त्यावर बरोबरची खूण केली.

आणि मग 26 जुलै आला. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. इकडे घाटात दरडी आल्या, रुळांखालची माती वाहून गेली. 1907 पासून दोन फूट रुंदीच्या रुळांवरून नेरळहून वर चढणारी गाडी बंद पडली. पावसाळ्यात गाडी तशीही बेभरवशाची असायची म्हणून आधी कुणी मनाला लावून घेतलं नाही. गणपती झाले, दसरा झाला, दिवाळी आली. गाडी आली नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सरांनी तीच वही मागवली. "सातवं वाक्य वाच."

यमुनाने वाचलं. गाडी आमचा डोंगर दोन तासांत चढते.

"व्याकरणात चूक?"

"नाही, सर."

"मी बरोबरची खूणही केलीय. मग?"

"पण ती चढत नाहीये."

"मग भूतकाळ कर."

'द ट्रेन केम' असं तिने लिहिलं, आणि थांबली. गाडी यायची, असं म्हटलं की ती पुन्हा येणारच नाही असं वाटत होतं. शेजारच्या वारलेल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलतात तसं. पण तिची आई रोज म्हणत होती, "अजून गाडी आलेली नाही." 'आली नाही' आणि आईचं 'आलेली नाही' यांत फरक होता. पहिल्यात गोष्ट संपते. दुसऱ्यात वाट बघणं उरतं.

'द ट्रेन हॅज नॉट कम यट.' तिने लिहिलं.

"प्रेझेंट परफेक्ट," सर म्हणाले. "मागे घडलेलं आजवर येऊन टेकतं तेव्हा हा काळ वापरतात. नियम मी तुम्हाला ऑगस्टमध्येच लिहून दिला होता. पण तो तुला शिकवला आईनं."

आता सरांनी पुन्हा निबंध दिला. विषय तोच ठेवला, फक्त सुरुवात बदलली: 'लाइफ इन अ हिल स्टेशन'. यमुनाने तीन परिच्छेद केले. पहिल्यात गाव, दुसऱ्यात बाबा, तिसऱ्यात बंद पडलेली गाडी. दुसऱ्या परिच्छेदात मधेच माकडं घुसली होती. वाचून दाखवताना बाबांनीच अडवलं. "आत्ता माझं चाललं होतं ना? मधेच माकड कुठनं आलं? एका घोड्यावर दोन स्वार मी बसवत नाही." माकडं पहिल्या परिच्छेदात गेली.

पुढचं वाक्य तिने मुद्दाम सावकाश वाचलं. "माय फादर वॉक्स बिसाइड द हॉर्स. म्हणजे बाबा, तुम्ही घोड्याच्या बाजूनं चालता."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"चढावर बाजूनं. उतारावर पुढनं, तोंडाशी, लगाम आखूड धरून. तो घसरला तर त्याला माझा खांदा पाहिजे. आणि मागनं कधीच नाही. लाथ बसते."

यमुनाने वही खाली ठेवली. वाक्य व्याकरणाने शुद्ध होतं. एस जागेवर होता. सरांनीही ते बरोबरच धरलं असतं. ज्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं त्या माणसाने त्यातलं शब्दयोगी अव्यय चुकलंय हे दाखवून दिलं होतं. तिने खोडलं आणि एका वाक्याची तीन केली: 'गोइंग अप, ही वॉक्स बिसाइड द हॉर्स. गोइंग डाउन, ही वॉक्स अहेड ऑफ इट. ही नेव्हर वॉक्स बिहाइंड.'

सरांनी वही उघडली, त्या तीन वाक्यांपाशी आले आणि पेन थांबलं. "हे कुणी शिकवलं?"

"बाबांनी."

पुढच्या मंगळवारी, गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी, बाबा राजाला घेऊन शाळेच्या पटांगणात आले. नवीन भरलेलं खोगीर होतं. नववीचा वर्ग रिंगण करून उभा राहिला. सर म्हणाले, "प्रिपोझिशन्स." बाबा राजाच्या पुढे उभे राहिले, मुलं ओरडली, "इन फ्रंट ऑफ!" बाजूला आले, "बिसाइड!" लगाम मानेवरून टाकला, "ओव्हर!" पोटाखालचा तंग आवळला, "अंडर!" एका मुलाने 'बिहाइंड' करून दाखवण्यासाठी राजाच्या मागे धाव घेतली, तशी बाबांनी त्याचा दंड धरून त्याला मागे खेचलं. "नो बिहाइंड!" ते ओरडले. "नो बिहाइंड, नो फॉल!"

पटांगण हसलं. यमुनाही हसली, आणि रिंगणातून पुढे होऊन तिने राजाचा लगाम हातात घेतला. मैत्रिणी बघत होत्या. ती बाबांच्या शेजारीच उभी राहिली. बिसाइड.

2007 साली यमुना दहावीत होती. त्या वर्षी गाडी पुन्हा वर येऊ लागली. पहिली शिट्टी ऐकू आली तेव्हा अर्धं गाव स्टेशनकडे धावलं. यमुना आधी घरात गेली. पत्र्याच्या पेटीच्या तळाशी नववीतला तो पेपर होता, घडीवर फाटत आलेला. लाल गोल फिका झाला होता. शेजारचा प्रश्न मात्र वाचता येत होता. दोन वर्षं तिने त्याचं उत्तर दिलं नव्हतं.

तिने निळ्या पेनने खाली लिहिलं: 'नेरळ-माथेरान. इट कम्स एव्हरी डे.'

कम्सचा एस तिने जरा मोठा काढला. मग चपला घातल्या आणि स्टेशनकडे पळाली.

तात्पर्य: उसनी वाक्यं कितीही झोकात आली तरी दस्तुरी नाक्यापर्यंतच येतात. तिथून पुढे गावात शिरायचं तर आपल्याच पायांनी चालावं लागतं.